हर्रानियाचे माग

'चित्रपट' हा शब्द आज सर्वस्वी सिनेमाच्या मालकीचा झालेला आहे. तथापि त्याची फोड केली तर मूळ अर्थ अगदी सरळ निघतो. ज्यावर चित्र आहे तो पट, म्हणजे वस्त्र. वस्त्रावर चित्र आणण्याचे मार्ग तीन. पहिला मार्ग रंग आणि कुंचल्याचा, दुसरा सुई-दोऱ्याने भरतकाम करण्याचा, आणि तिसरा मार्ग म्हणजे वस्त्र विणता विणताच त्यात चित्र गुंफण्याचा. या तिसऱ्या मार्गाने तयार झालेल्या पटाला युरोपात टॅपेस्ट्री असे नाव आहे. येथे चित्र वस्त्रावर नसते. ते स्वतःच वस्त्र असते. धागे उसवले की चित्रही नाहीसे होते आणि वस्त्रही. आज मला ईजिप्तमधील एका लहान खेड्याची हकीकत सांगावयाची आहे. त्या खेड्यातील शेतकऱ्यांच्या मुलांनी ही कला हाती घेतली, आणि जाणत्यांना विचार करावयास लावील अशी कामगिरी तीत करून दाखविली. खेड्याचे नाव हर्रानिया. गिझाच्या पिरॅमिडांपासून ते फार दूर नाही. गिझाहून सक्काऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, कालव्याच्या आणि खजुरीच्या झाडांच्या सोबतीने ते वसलेले आहे.

ही विणण्याची रीत कशी असते, ते मराठी माणसाला समजावून सांगण्यास फार सायास पडू नयेत. आपल्या पैठणीचा पदर याच रीतीने विणला जातो. साध्या कापडात आडवा धागा धोट्याबरोबर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ जातो. पैठणीच्या पदरावर तसे होत नाही. मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच जातो, तेथे शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी आणि प्रत्येक रंगाचे राज्य वेगळे. म्हणून अस्सल पैठणीचा पदर उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना पाठ असते. टॅपेस्ट्रीचे तत्त्व हेच. फरक इतकाच की, तेथे उभा ताणा बहुधा सुताचा असतो आणि आडवा बाणा लोकरीचा. बाणा फणीने इतका घट्ट ठोकतात की खालचा ताणा दिसेनासा होतो. काम अतिशय सावकाशीचे असते. दिवसभर खपावे तेव्हा चार बोटे वस्त्र पुढे सरकावे, असा त्याचा वेग.

ईजिप्तच्या भूमीला ही कला परकी नव्हती. ख्रिस्ती शकाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकापासून पुढे काही शतके तेथील विणकरांनी अंगरख्यांवर, पडद्यांवर आणि प्रेतवस्त्रांवर पक्षी, मासे, द्राक्षवेली, नर्तकी आणि संतांच्या आकृती विणल्या. त्यांस आपण कॉप्टिक वस्त्रे म्हणतो. कॉप्ट म्हणजे ईजिप्तचे मूळचे ख्रिस्ती लोक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अखमीम, अँटिनोए इत्यादी ठिकाणच्या दफनभूमी उकरल्या गेल्या, तेव्हा कोरड्या वाळूने दीड हजार वर्षे सांभाळलेली ही वस्त्रे पुन्हा उजेडात आली. त्यांचे तुकडे आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. ती विणणाऱ्यांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत. त्यातील मासे आणि मोर यांचे आकार पाहिले म्हणजे विणकराने कोणाचा कित्ता गिरविला असेल असे वाटत नाही. हाताला सुचेल तसा आकार धाग्यातून उमटलेला दिसतो.

युरोपात या कलेने पुढे राजवैभव पाहिले, पण तेथे तिची एक फाळणीही झाली. या फाळणीची गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून हर्रानियाचे महत्त्व कळावयाचे नाही. पोप दहावे लिओ यांनी सिस्टाइन चॅपेलसाठी भित्तिपट करविण्याचे ठरविले, तेव्हा 1515-16 च्या सुमारास राफाएल या थोर चित्रकाराने त्यांची पूर्ण आकाराची नमुनाचित्रे काढून दिली. ती ब्रुसेल्सला पाठविण्यात आली आणि तेथील विणकरांनी त्यांबरहुकूम पट विणले. चित्रकाराने योजावे आणि विणकराने उतरावे, ही प्रथा तेव्हापासून दृढ होत गेली. 1662 साली चौदाव्या लुईच्या अमदानीत कोल्बेर या मंत्र्याने पॅरिसमध्ये गोबेलँचा सरकारी कारखाना उभारला. अठराव्या शतकात तेथे झां-बाप्तिस्त उद्री या चित्रकाराच्या हाती देखरेख आली, तेव्हा विणलेला पट रंगविलेल्या चित्रासारखाच हुबेहूब दिसला पाहिजे, असा त्याने आग्रह धरला. विणकरांनी हरकत घेतली. लोकरीची भाषा वेगळी आणि तैलरंगांची वेगळी, हे त्यांना हाताच्या अनुभवाने माहीत होते. पण अखेरीस चित्रकाराचेच चालले. रंगांच्या शेकडो छटा निर्माण कराव्या लागल्या, विणकाम अधिकाधिक बारीक आणि खर्चाचे झाले, आणि विणकर हा दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करणारा कामगार बनला. बुद्धी एका बाजूला राहिली आणि हात दुसऱ्या बाजूला. यंत्रयुगाने पुढे सर्वच धंद्यांत जे केले, त्याची ही एक आगाऊ आवृत्तीच म्हणावयाची.

ही फाळणी मिटविण्याचा ध्यास घेतलेला पुरुष म्हणजे रामसेस विस्सा वासेफ. 1911 साली कैरो येथे एका कॉप्ट घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील विस्सा वासेफ हे नामांकित वकील आणि साद झगलूल यांच्या वफ्द पक्षाचे पुढारी होते. 1930 साली ते ईजिप्तच्या लोकप्रतिनिधी सभेचे अध्यक्ष असताना इस्माइल सिद्की यांच्या सरकारने पार्लमेंटच्या दारांना साखळदंड घातले. तेव्हा अध्यक्ष या नात्याने विस्सा वासेफ यांनी पहारेकऱ्यांना ते साखळदंड तोडण्याची आज्ञा केली, आणि ती पाळली गेली. 'साखळदंड तोडणारा' हे बिरुद त्यांना जनतेकडून मिळाले. पुत्राने राजकारणात पाऊल टाकले नाही. पण त्याने जन्मभर जे केले तेही एक प्रकारे साखळ्या तोडण्याचेच काम होते. त्या साखळ्या लोखंडाच्या नव्हत्या, इतकेच.

रामसेस यांना लहानपणी शिल्पकार व्हावयाचे होते. पुढे त्यांनी पॅरिस येथे वास्तुशास्त्राचा अभ्यास केला आणि 1935 साली ते पदवीधर झाले. पदवीसाठी त्यांनी सादर केलेला आराखडा कोणा राजवाड्याचा किंवा बँकेचा नव्हता. तो होता जुन्या कैरोतील एका कुंभाराच्या घराचा, आणि त्याला पहिले पारितोषिक मिळाले. मायदेशी परतल्यावर ते कैरोच्या ललितकला महाविद्यालयात अध्यापक झाले. जुन्या कैरोच्या गल्ल्यांत ते हिंडत, तेव्हा तांबट, सुतार, कुंभार, जाळीदार खिडक्या करणारे कारागीर अजून काम करताना दिसत. पण दरसाल त्यांची संख्या घटत होती. बापाचा धंदा मुलगा उचलीत नव्हता. एकीकडे शाळांतून बाहेर पडणारी मुले पुस्तके पाठ करून येत, पण हाताने काही निर्माण करण्याची शक्ती गमावून बसत. दुसरीकडे कारखाने सर्वत्र एकाच छापाचा माल ओतीत होते. या दोहोंमध्ये सामान्य माणसाची निर्मितीची भूक मरून जाते, असे त्यांना दिसले. प्रत्येक मूल जन्मतः ही शक्ती घेऊन येते, ती वेळीच हाताशी धरली तर वाढते आणि दुर्लक्षिली तर आटते, अशी त्यांची श्रद्धा झाली. ही श्रद्धा सिद्ध कशी करावयाची, हा प्रश्न होता.

संधी चालत आली. 1941 साली जुन्या कैरोतील कॉप्ट वस्तीत एक प्राथमिक शाळा बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. इमारत बांधून ते थांबले नाहीत. शाळा सुटल्यावर मुलांना विणकाम शिकविण्याची व्यवस्था करावी, असे त्यांनी चालकांना सुचविले. ते स्वतः विणकर नव्हते. मागाची मूलतत्त्वे त्यांनी समजावून घेतली आणि मुलांना दिली. विणकामच का निवडावे, यालाही त्यांच्यापाशी कारण होते. चित्रकलेत कागद आणि रंग हाती आले की क्षणात काहीतरी उमटते, आणि क्षणात ते टाकूनही देता येते. मागावर तसे नाही. तेथे कल्पनेला हाताच्या कसबाशी रोज झगडावे लागते, आणि धीर धरल्यावाचून एकही आकार पुरा होत नाही. कल्पना आणि कसब ही दोन्ही एकाच वेळी वाढावयाची असतील, तर मागासारखा शिक्षक नाही, हे त्यांनी ओळखले होते.

याच मार्गावरचा आणखी एक प्रवासी त्यांना भेटला. हबीब गोर्गी हे ईजिप्तमधील कलाशिक्षणाचे एक आद्य पुरस्कर्ते होते. कलेचे कसलेही शिक्षण न मिळालेल्या मुलांच्या हाती नुसती माती द्यावी, नमुना दाखवू नये, दुरुस्ती करू नये, आणि काय घडते ते पाहावे, असा प्रयोग ते करीत होते. त्या मातीतून जी शिल्पे निघाली ती पाहून जाणते लोक थक्क झाले. गोर्गींची कन्या सोफी हिच्याशी रामसेस यांचा विवाह झाला, आणि पुढील सर्व कार्य हे या पतिपत्नींचे जोडकार्य ठरले. गोर्गींच्या त्या शिल्पांसाठी रामसेस यांनी पुढे हर्रानियातच एक संग्रहालयही बांधले.

शहरातील शाळेचा अनुभव उत्साहवर्धक होता, पण तेथे मुलांवर परीक्षांचे आणि पाठ्यपुस्तकांचे दडपण होतेच. म्हणून 1951-52 च्या सुमारास रामसेस यांनी हर्रानिया येथे जमिनीचा एक तुकडा विकत घेतला आणि मातीच्या कच्च्या विटांची कार्यशाळा बांधावयास घेतली. छतासाठी लाकूड नाही, लोखंड नाही. नूबियाच्या गवंड्यांच्या प्राचीन पद्धतीप्रमाणे विटांचेच घुमट आणि कमानी. त्यांचे समकालीन हसन फाथी यांनीही याच पद्धतीचा पुरस्कार केलेला होता. बांधकाम चालू असताना गावातील पोरे भोवती जमू लागली, आणि त्यांच्यातूनच पहिली विद्यार्थिमंडळी मिळाली. वये आठ-दहापासून तेरा-चौदापर्यंतची. मुलगे होते आणि मुलीही होत्या. त्यांची नावे पाहिली तर बहुतेक मुले मुसलमान शेतकऱ्यांची, हे सहज कळते. एका कॉप्ट वास्तुकाराच्या अंगणात ती मांडी घालून बसली, आणि या गोष्टीचा कोणी गाजावाजा केला नाही. मला वाटते, खरे सलोख्याचे काम असेच बिनबोभाट होत असते.

आता त्या कार्यशाळेचे नियम ऐका. ते तीनच आहेत, पण शिक्षकाच्या पेशातील माणसाची झोप उडविणारे आहेत. पहिला नियम असा की, विणण्यापूर्वी नमुनाचित्र काढावयाचे नाही. कागदावर आराखडा नाही, आणि ताण्यावर खुणाही करावयाच्या नाहीत. दुसरा नियम असा की, बाहेरच्या कलेचा प्रभाव पडू द्यावयाचा नाही. थोर चित्रकारांच्या चित्रांची पुस्तके मुलांपुढे ठेवावयाची नाहीत. आणि तिसरा नियम असा की, मोठ्या माणसांनी टीका करावयाची नाही, सूचना द्यावयाची नाही, कामात हात घालावयाचा नाही. याशिवाय नक्कल वर्ज्य होती. दुसऱ्याच्या पटाची नव्हे, तर स्वतःच्या पटाचीही पुनरावृत्ती करावयाची नाही. त्यामुळे हर्रानियाचा प्रत्येक पट हा जगात एकुलता एक असतो.

मग शिक्षकाचे काम काय उरले, असे कोणी विचारील. काम पुष्कळ होते. आरंभी माग लावणे, धागा धरणे, फणी ठोकणे हे कसब हाती द्यावयाचे. मूल प्रथम साधे पट्टे विणी, मग लहान लहान आकार, मग एखादे झाड, एखादे गाढव, एखादा पक्षी. अडेल तेथे धीर द्यावयाचा. मुलांना सहलीला न्यावयाचे, जग डोळे भरून पाहू द्यावयाचे. परत आल्यावर पाहिलेल्यातले काय विणावयाचे, हे मात्र मुलानेच ठरवावयाचे. सारांश, शिक्षकाने पाणी घालावे, खत द्यावे, कुंपण राखावे, पण कळी हाताने उमलवू नये.

विणणाऱ्याची खरी कसोटी पुढेच आहे. विणून झालेला भाग खालच्या तुळईवर गुंडाळला जातो. त्यामुळे सध्या हाताखाली असलेला पट्टाच काय तो डोळ्यांपुढे राहतो. मोठा पट पुरा व्हावयास कित्येक महिने, प्रसंगी वर्षही लागते. तेवढा काळ सारे चित्र मनातच धरावे लागते. चुकले तर खोडरबर नाही. तास न् तासांचे काम उसवावे लागते, किंवा चुकीलाच चित्रात सामावून घ्यावे लागते. काम संपून पट मागावरून उतरतो आणि जमिनीवर पसरला जातो, तेव्हाच विणणारा आपले संपूर्ण चित्र प्रथम पाहतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाने, जे चित्र अद्याप कोठेच नाही, ते इतका काळ मनात बाळगून रेषेरेषेने सिद्ध करावे, ही गोष्ट लहान नव्हे. खेड्यातल्या मुलाचे मन कोरे असते, अशी समजूत ज्यांची असेल, त्यांनी तेथे जाऊन ती तपासून पाहावी.

रंगांच्या बाबतीतही त्यांनी जुनी वाट धरली. कृत्रिम रंग बाजूस ठेवून त्यांनी आवारातच रंगांच्या वनस्पतींची लागवड केली. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून तांबडे रंग, निळीच्या झाडापासून निळा, रेझेडा नावाच्या रोपापासून पिवळा. या रंगांत बुडविलेल्या लोकरीच्या दोन लडी कधी तंतोतंत सारख्या निघत नाहीत. कारखान्याच्या दृष्टीने हा दोष होय. पण विणकराला त्यामुळे एकाच हिरव्या रंगाच्या दहा छटा मिळतात, आणि खजुरीच्या झावळ्यांत वारा शिरल्याचा भास होतो तो त्यांतूनच.

या मागांवर उमटले काय? उमटले ते त्यांचे गाव. कालवा आणि त्यातली बदके, कबुतरांचे उंच मनोरे, ऊस आणि मका, गाढवे, म्हशी, उंट, लग्नाची मिरवणूक, बाजार, बोरूची बेटे, पाण्याखालचे मासे. शास्त्रीय यथादर्शनाची तेथे फिकीर नाही. जवळचे झाड आणि दूरचे झाड एकाच उंचीची असतात. जागा रिकामी राहिली की पक्षी येऊन बसतो. तरीही झाडाची जात ओळखू येते, पक्ष्याची चाल ओळखू येते. 1970 साली अस्वानचे मोठे धरण पुरे झाले आणि नाईलच्या वार्षिक पुराने हजारो वर्षे आखून दिलेले शेतीचे जीवन पालटले. पुढे कैरो शहर वाढत वाढत खेड्यांपर्यंत येऊन भिडले. पहिल्या पिढीच्या मुलांनी जो गाव पाहिला तो आता बराचसा त्यांच्या पटांतच शिल्लक आहे. इतिहासाची साधने म्हणजे केवळ ताम्रपट आणि बखरी नव्हेत, याचे हे एक उदाहरण.

1950 चे दशक संपत आले तेव्हा हे पट युरोपातील प्रदर्शनांत झळकू लागले. 1961 साली हर्रानियाच्या मुलांच्या पटांवर एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यांची कीर्ती दूरवर पसरली. पहिल्या पिढीतील अली सेलीम, सय्यद महमूद, गरिया महमूद ही नावे कलेच्या जाणकारांना माहीत झाली. ही मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, मुलेबाळे झाली, तरी अनेकांचा माग सुटला नाही. कॉप्टिक वस्त्रे विणणारे जुने कारागीर नावावाचून गेले. त्यांच्या भूमीत दीड हजार वर्षांनंतर विणकराला त्याचे नाव परत मिळाले, हे मला या सर्व हकीकतीतील मोठे फळ वाटते.

शंका घेणारे होतेच, आणि शंका घेणे गैरही नव्हे. काहींचे म्हणणे असे की, ही मुले अपवादात्मक प्रतिभेची असतील. दैव अनुकूल, म्हणून अशी पाच-पंचवीस मुले एका गावात सापडली. पण कोणाही मुलांबाबत असे घडेल, याला पुरावा काय? वासेफ यांनी या शंकेला शब्दांनी उत्तर दिले नाही. 1972 च्या सुमारास नव्या मुलांची दुसरी तुकडी सुरू झाली. 1974 साली रामसेस यांचे निधन झाले. परंतु सोफीबाईंनी आणि त्यांच्या सुझान व योआना या कन्यांनी काम पुढे चालविले. सुझान यांनी लोकरीच्या पटांची, तर योआना यांनी सुती विणकामाची आणि बाटिकची जबाबदारी घेतली. दुसऱ्या पिढीनेही पहिलीच्या तोडीचे पट विणले, आणि ते पहिलीची नक्कल नव्हते. एकदा घडले तर योगायोग म्हणता येतो. दोनदा घडल्यावर तसे म्हणणे जड जाते.

दुसरी शंका अधिक बोचरी आहे, आणि भारतातील माणसाने ती टाळू नये. लहान मुलांना मागावर बसविणे ही बालमजुरी नव्हे काय? आपल्याकडे भदोही-मिर्झापूरच्या गालिचांच्या धंद्यात मुलांची कोवळी बोटे कशी राबविली गेली, हे सर्वश्रुत आहे. हर्रानियातही मुलांना कामाचा मोबदला मिळत असे. मग फरक कोठे? मला फरक असा दिसतो. गालिचाच्या मागावर नक्षी दुसऱ्याची असते, वेग मालकाचा असतो, आणि मूल हे केवळ बोटांपुरते हवे असते. मूल मोठे झाले, बोटे जाड झाली की त्याची गरज संपते. हर्रानियात याच्या उलट होते. तेथे मुलाच्या मनाला काय सुचते यालाच मोल होते, आणि वयाबरोबर त्याचे मोल वाढत गेले. असे असले तरी सीमारेषा बारीक आहे, हे मान्य केले पाहिजे. चालकांच्या सचोटीवर ती उभी होती. तोच माग दुसऱ्याच्या हाती गेला तर काय होते, याचा दाखला दूर शोधावयास नको. हर्रानियाची कीर्ती वाढली तेव्हा सक्काऱ्याच्या रस्त्यावर 'गालिचांच्या शाळा' ओळीने उभ्या राहिल्या. हर्रानियाच्या पटांच्या नकला प्रवाशांना विकल्या जाऊ लागल्या. बाहेरून पाहणाराला दोन्हीकडे माग सारखाच दिसतो आणि मूलही सारखेच दिसते. पण एकीकडे मूल चित्र निर्माण करते आणि दुसरीकडे ते उतरवून काढते.

तिसरी शंका दुसऱ्या नियमाविषयी आहे. मुलांना जगातील थोर कलेपासून दूर ठेवणे न्याय्य आहे काय? मी वर्गात शिकवितो तेव्हा थोरांचे लेखन मुलांपुढे ठेवणे हे माझे कर्तव्यच समजतो. म्हणून हा नियम मला सर्वस्वी पटतो असे म्हणवत नाही. वासेफ यांचा हेतू मात्र समजून घेता येतो. ज्या देशावर अनेक वर्षे परकीयांचे वर्चस्व होते, तेथील माणसाला आपले ते कमी दर्जाचे आणि परक्यांचे ते थोर, असे वाटण्याची सवय जडते. ती सवय मुलांच्या बोटांत शिरण्यापूर्वी त्यांना स्वतःचा आवाज सापडावा, यासाठी हे कुंपण होते. रोप वाढून झाड झाले म्हणजे कुंपणाची गरज राहत नाही. दुसऱ्या पिढीच्या काळात रेडिओ, टेलिव्हिजन आणि छापील चित्रे घरोघर पोचत गेली. तरीही त्यांची दृष्टी त्यांचीच राहिली, यावरून पहिला भर योग्य जागी पडला होता असे दिसते.

आपल्या देशात याच सुमारास एक थोर प्रयोग चालू होता. 1937 सालच्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने योजना आखली, आणि हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देणारी नयी तालीम जन्मास आली. गांधीजी आणि वासेफ यांचे निदान एकच होते. केवळ पुस्तकी शिक्षणाने हात लुळे होतात आणि माणूस अर्धा राहतो. उपचारात मात्र भेद होता. वर्ध्याच्या योजनेत टकळीवरच्या सुताचा हिशोब होता. शाळा आपला खर्च काही अंशी आपणच भागवील, अशी अपेक्षा होती. पुढे सरकारी शाळांतून ती योजना राबविली गेली तेव्हा तिच्यातला प्राण निघून गेला आणि पुष्कळ ठिकाणी नुसता सुताच्या वजनाचा तक्ता उरला. सेवाग्रामलाच 1944 पासून कलाशिक्षक म्हणून काम केलेले देवीप्रसाद यांनी मात्र, कला हाच शिक्षणाचा पाया होय, असे आग्रहाने सांगितले. त्यांचे म्हणणे आणि हर्रानियाचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे. उद्योगात निर्मिती नसेल तर तो वेठ होतो, हा दोन्हींचा मथितार्थ.

1983 साली या कलाकेंद्राला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार लाभला. मातीच्या त्या घुमटांचा गौरव झाला, तो त्यांत चाललेल्या जीवनासह झाला, असेच समजावे. केंद्र आजही चालू आहे आणि सर्वांना खुले आहे. कोणीही जावे, संग्रहालयातील जुने पट पाहावेत, कार्यशाळेत विणकर मागावर बसलेले पाहावेत. 1972 नंतर बालपणी तेथे आलेली मुले आज साठीच्या घरात आहेत. पिरॅमिड पाहावयास जाणारा प्रवासी तेथून थोडी वाट वाकडी करील, तर त्याला एकाच दिवसात दोन ईजिप्त पाहावयास मिळतील. एका ईजिप्तमध्ये असंख्य हातांनी एका राजाची इच्छा दगडात उभी केली. दुसऱ्यात प्रत्येक हाताने आपली स्वतःची इच्छा धाग्यात गुंफली.

आपण मराठी माणसे मागाला परकी नाही. पैठण आणि येवले आपल्यापाशी आहेत. अहिल्याबाई होळकरांनी नर्मदेच्या काठी महेश्वरला विणकर आणून वसविले, ही गोष्ट इंदूरच्या मुलांनाही माहीत असते. गावोगावी साळी आणि कोष्टी यांची आळी असतेच. विणकराच्या बोटांतील कौशल्याचे आपण कौतुक करतो, साडीची किंमतही मोजतो. पण त्याच्या मनात स्वतःचे असे काही चित्र असेल, ही कल्पना आपल्याला सहसा शिवत नाही. मोर ठरलेला, वेल ठरलेली, कमळ ठरलेले. परंपरा मोठीच आहे आणि ती राखली पाहिजे. पण ज्या दिवशी तो मोर प्रथम कोणाच्या तरी मनात आला, त्या दिवशी ती परंपरा नव्हती, एका विणकराचा तो विचार होता, हेही विसरता कामा नये.

शाळांची गोष्ट तर याहून जवळची आहे. चित्रकलेच्या तासाला फळ्यावर आंबा काढावयाचा आणि पन्नास मुलांनी पन्नास तसेच आंबे काढावयाचे, ही आपली रीत. ज्याचा आंबा फळ्यावरच्या आंब्याशी जुळला त्याला गुण अधिक. हर्रानियात हा हिशोब उलटा होता. तेथे दोघांची झाडे सारखी निघाली असती तर शिक्षकालाच काळजी पडली असती. प्रत्येक शाळेत माग बसविणे शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. पण आठवड्यातून एक तास असा ठेवता येईल, की जेव्हा फळा कोरा राहील, मास्तर गप्प बसतील, आणि मुलांच्या हातून जे निघेल त्यावर लाल पेन्सिल फिरणार नाही. त्याला खर्च काहीच नाही. लागेल तो आपला धीर. तो हर्रानियातील त्या दांपत्याने उभा जन्म धरला, आणि त्यांच्या गावातील मुलांनी तो व्यर्थ जाऊ दिला नाही.